दोन आत, एक बाहेर

औंढा नागनाथ
९ फेब्रुवारी २०२५

रणजीतभिया,

तू फोन उचलत नाहीस. रीतावहिनी उचलते, माझा आवाज ऐकून "ते शेतात गेलेत" म्हणते, आणि मागून तुझं खोकणं मला स्पष्ट ऐकू येतं. शेत आता घरात आलंय का? म्हणून हे पत्र. लिहिलेल्या कागदाला पाय लागू द्यायचा नाही, हे याडीनं आपल्या दोघाही लेकरांना कान पिळून शिकवलंय. तेव्हा तू फाडणार नाहीस एवढी खात्री आहे. वाचशील की नाही ते तुझं तू बघ.

मी औंढ्यात देवळामागच्या गल्लीत खोली घेतली आहे. वसरामकाकांची दुधाची गाडी तांड्यावरून निघते आणि माझा चहा उकळायच्या आत दाराशी येते. एवढ्याशा अंतरावरून सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी बाई या जिल्ह्यात दुसरी नसेल.

कामाचं बोलते. खैरीच्या माळावर लांडग्यांची जोडी आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला, दगडांच्या कपारीत मादीनं पिलं घातली आहेत. चार दिसली. इतकी वर्षं मी बर्फात, वाळवंटात, खारफुटीच्या चिखलात फिरले, देशोदेशींच्या लोकांना जनावरं दाखवली. ज्या माळावर आपण शेळ्या वळल्या तिथलं गवताचं एक पातं मी कधी टिपलं नाही. आता तेवढं करायचं आणि थांबायचं. ही शेवटची फिल्म. डावा पाय चढ चढताना शिव्या घालतो.

अडचण काय, ते तुला सांगायला नको. कॅमेरा घेऊन दडून बसायला कपाशीच्या पळाट्या आणि गवत लावून लपण उभं केलंय. पण मी एकटी आत गेले की लांडगी लांब टेकाडावर बसून राहते आणि पिलांकडे फिरकत नाही. तिला माहीत असतं, माणूस आत आहे. तिथे आपली जुनीच युक्ती हवी. दोघांनी आत जायचं, एकानं बाहेर यायचं, तेही लाल जॅकेट घालून, ठळक दिसेल असं. जनावराला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस आलं तसं गेलं. मग ते मोकळं होतं. संध्याकाळी गेलेला परत येतो आणि आतल्याला घेऊन जातो.

इथला दिपक नावाचा एक जण ठेवून बघितला. तो बाहेर पडला आणि लपणाला टेकून बायकोशी फोनवर बोलत उभा राहिला. मी आतून दबक्या आवाजात ओरडले, तर म्हणतो, "बाहेर निघा म्हनल्या म्हून निघालो. जा म्हनून कुठं म्हनल्या?"

मला नीट निघून जाणारा माणूस हवा आहे. ते तुझ्याइतकं कुणालाच जमत नाही. हा टोमणा आहे. लागला तर लागू दे.

शिला


औंढा
१३ फेब्रुवारी

भिया,

वसरामकाकांनी तुझा निरोप दिला, अगदी तुझ्याच मान खाली घालून बोलण्याच्या ढंगात. "तिला म्हणावं, माळावर जाऊ नको. लोक तापून राहिलेत." नऊ वर्षांनी भावाचा शब्द आला, आणि तो निघाला 'जाऊ नको'. धन्य आहेस.

लोक का तापलेत ते मला ठाऊक आहे. माळाच्या पायथ्याला ज्यांची हळद आहे त्या ग्यानबामामांच्या दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या. लांडगा शेळी नेतो, मी कधी नाही म्हटलं? काल त्यांना भेटायला गेले होते. हळद शिजवणं चालू होतं, सगळं शिवार वाफेनं पिवळं पडल्यासारखं दिसत होतं. मामांनी चहा पाजला, खुर्ची दिली, आणि म्हणाले, "बाई, तुमी चार दिसाच्या पाव्हण्या. फोटू काढून जासाल. उद्या माझ्या नातवाच्या मागं लागलं जनावर, तर कोन येनार हाय? आमी माळ पेटवून देनार. गवतबी नवं येतं अन् ब्यादबी जाती."

मी म्हटलं, पिलं आहेत, अजून नीट चालतही नाहीत. तीन आठवडे थांबा, ती आपोआप निघून जातील. मामा म्हणाले, "तीन हप्त्यात माझ्या दावनीला काय ऱ्हाईल?" त्यांचंही खोटं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. वनखात्याच्या माणसानं सांगितलं, साहेब रजेवर आहेत.

आता ऐक. तुला विचारायचं नाही असं ठरवून मी इथं आले होते. पण 'जाऊ नको' हा निरोप वाचून— ऐकून— माझं डोकं फिरलं, तेव्हा विचारतेच.

अकरा वर्षं आपण बरोबर काम केलं. तिकाटणं तुझ्या खांद्यावर आणि कॅमेरा माझ्या. किती लपणांतून तू लाल जॅकेट घालून निघून गेलास आणि प्रत्येक वेळी परत आलास. आपला नियम एकच होता: बाहेरचा आल्याशिवाय आतला हलत नाही, आणि बाहेरचा आल्याशिवाय राहत नाही. स्पितीच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात मी हिमबिबट्यासाठी कड्यावरच्या लपणात बसले. तुला ताप होता, म्हणून मला सोडून तू समोरच्या कड्यावरच्या तंबूत बसलास. दुपारी तिथला तेन्झिन बॅटऱ्या देऊन गेला. मग बर्फ पडायला लागलं. संध्याकाळ झाली. मी हलले नाही, कारण तू येणार होतास.

तू आला नाहीस. सकाळी मला दुसऱ्यांनी उकरून काढलं. डाव्या पायाची बोटं तिथेच गेली. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा तू गावी निघून गेला होतास.

बोटांचं मी केव्हाच सोडून दिलंय. चपला जरा घसरतात, एवढंच. पण त्या रात्री आत बसून मी तुझ्या पावलांचा आवाज ऐकत होते आणि तो आला नाही, हे मला सोडता येत नाही. लोक मला म्हणाले, तुझा भाऊ भेकड निघाला. मी त्यांच्याशी भांडले. पण नऊ वर्षं एकटीनं किती भांडायचं? तू का आला नाहीस, एवढं सांग. एक ओळ पुरे.

शिला


औंढा
१६ फेब्रुवारी

भिया,

ओळ आली नाही. ठीक.

काल सेवालाल महाराजांच्या जयंतीला मी तांड्यावर आले होते, तू पाहिलंस. पांढऱ्या झेंड्याखाली भोग चालू होता. मी बायकांच्या घोळक्यात उभी राहिले तसा तू तुपाची वाटी दुसऱ्याच्या हातात देऊन गोठ्याकडे गेलास. मग याडीनं माझा हात धरला, मुद्दाम सगळ्यांसमोर, आणि मोठ्यानं म्हणाली, "माझी दोन लेकरं हायेत. एकाला तोंड न्हाई, दुसरीला लगाम न्हाई." सगळे हसले. मीही हसले.

तिथं उभी असताना बा आठवला. शेळ्या परतल्या की तो दारात उभा राहून नुसत्या नजरेनं मोजायचा. बोटं लावायचा नाही, ओठ हलवायचा नाही. एक जरी कमी असली तरी त्याला धूळ खाली बसायच्या आत कळायचं. आणि मोजून झालं की आपल्या दोघांच्या डोक्यावर टपली मारायचा, "अन् ही दोन." तुझी नजर त्याच्यावर गेली असं सगळे म्हणायचे. माझ्या वाट्याला फक्त टपली आली.

बातमी ही की गुरुवारी सकाळी माळ पेटवायचा ठरला. शिवरात्रीच्या आधी उरकून टाकायचंय, नंतर माणसं मिळत नाहीत. आपल्या तांड्यातलेही तिघं-चौघं हो म्हणालेत. तू बैठकीत होतास आणि काहीच बोलला नाहीस, हेही कळलं.

शिला


औंढा
१८ फेब्रुवारी

भिया,

हे थोडक्यात लिहिते, वसरामकाका गाडी चालू ठेवून थांबलेत.

मी ग्यानबामामांना तोंडावर सांगून आले आहे की गुरुवारी मी लपणात बसणार. माणूस आत असताना माळ कसा पेटवता ते बघते. ते म्हणाले, "बसा. कवा ना कवा उतरसालच की. तुमी उतरल्या की काडी लावतो." म्हणजे आता माझ्या बसण्यावर सगळं आहे. एक दिवस काढला तर शुक्रवारी साहेब रजेवरून येतात, आणि फोनवर त्यांनी माळ थांबवायचा शब्द दिला आहे.

पण लांडगी पिलांना उन्हातान्हात उपाशी ठेवेल, जर तिला कळलं की मी आत आहे. त्यासाठी मला सोडून जाणारा हवा आणि संध्याकाळी न्यायला येणारा हवा. मी दिपकला विचारणार नाही. कुणालाच विचारणार नाही. उजाडताना ओढ्याच्या काठी, जिथं आपण शेळ्यांना पाणी पाजायचो, तिथं लाल जॅकेट घेऊन उभी राहीन. तू आलास तर दोघं वर जाऊ. नाही आलास तर मी एकटी जाईन आणि बसेन.

ही धमकी आहे. लहानपणापासून मला दुसरं काही येत नाही.

शिला


औंढा
२१ फेब्रुवारी

रणजीतभिया,

घसा पार गेला आहे. डॉक्टर म्हणतात धुरामुळे, आठवडाभर बोलायचं नाही. वहिनीला सांग, माझ्या बडबडीचं तिचं गाऱ्हाणं देवानं ऐकलं. काल माळावर तू बोलत होतास आणि मला एक शब्द बोलता आला नाही, म्हणून हे लिहिते आहे. तुला जे दिसलं ते तुला माहीत आहे. मला आत काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. ओढ्याकाठी तुझी पावलं ऐकली तेव्हा मी वळून बघितलं नाही, मुद्दामच. तू पुढे आलास, माझ्या हातातलं तिकाटणं घेतलंस आणि चढायला लागलास. मला वाटलं, आता काहीतरी म्हणशील. तू फक्त चढाच्या अवघड दगडापाशी हात मागे केलास. मी तो धरला. लपणात पोचलो, तू लाल जॅकेट घातलंस. कॉलर तू पुन्हा पुन्हा वर ओढत होतास. मला वाटलं, थंडीनं.

तू गेलास आणि थोड्या वेळानं लांडगी आली. भिया, ती किती बारीक झाली आहे! चारही पिलं कपारीतून धडपडत बाहेर आली आणि तिच्या अंगाखाली घुसली. मी कॅमेरा चालू केला. उन्हं नुकती माळावर आली होती. मी तुला मनातल्या मनात म्हटलं, बघ, अजून जमतं आपल्याला.

मग धुराचा वास आला. मला वाटलं, मामांच्या हळदीचा. रोज सकाळी कढईखाली जाळ होतो, वारा फिरला की वास वर येतो. मी लक्ष दिलं नाही. पण लांडगीनं मान वर केली. तिला हळदीचा धूर आणि गवताचा धूर यातला फरक माझ्या आधी कळला. तिनं एक पिलू मानेला धरून उचललं आणि ओढ्याकडे पळाली.

मी फटीतून मागे बघितलं. पायथ्याची सगळी कड पेटली होती आणि वारा वर येत होता.

तेव्हा मी उठून पळायला हवं होतं. डाव्या बाजूला दगडी वाट मोकळी होती. मी उठले नाही. लांडगी परत आली, दुसरं पिलू नेलं. परत आली, तिसरं नेलं. मी बसून राहिले. कामासाठी बसले असं मी फिल्म घेणाऱ्या टीव्ही वाहिनीवाल्यांना सांगेन. तुला खरं सांगते: मला बघायचं होतं तू येतोस का. कुणी म्हणेल पन्नाशीची बाई आणि हा काय वेडेपणा. म्हणू दे. त्या बर्फात ऐकू आली नाहीत ती पावलं ऐकल्याशिवाय मला तिथून हलायचं नव्हतं. धूर आत भरला, डोळ्यांत काही दिसेना, आणि मी मनाशी ठरवलं की या वेळीही तू नाही आलास तर मी कधीच विचारणार नाही.

आणि मग तुझा आवाज आला. "शिले! ए शिले! दोन गेले व्हते रे, एकच आलंय! इझवा, इझवा! माझी बहीण हाय आत!"

तू जाळातून आलास. तुझ्या धोतराचा काठ पेटलेला होता आणि तुला पत्ता नव्हता. तू लपण लाथेनं उधळलंस, मला खांद्यावर टाकलंस, पोत्यासारखं, आणि दगडी वाटेनं खाली ओढ्यात नेऊन पाण्यात बसवलंस. वर माणसं लिंबाच्या डहाळ्यांनी जाळ झोडपत होती. कुणी फवारणीचे पंप आणले होते. सगळ्यात पुढे ग्यानबामामा होते, अनवाणी. विझल्यावर ते आले आणि माझ्यासमोर मटकन बसले. "बाई, म्या लाल जाकीट उतरताना पाह्यलं. म्हनलं तुमी उतरल्या. म्या माझ्या हातानं काडी लावली, बाई." एवढं म्हणून ते लहान लेकरासारखे रडायला लागले.

ते ऐकलं आणि तुझा चेहरा राखेसारखा झाला. मग तू जे बोललास ते मी इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या 'मी असं म्हनलोच न्हाई' म्हणायची सोय नको.

तू म्हणालास, "शिले, मलाबी असंच झालं व्हतं. समोरच्या कड्यावरून पाह्यलं मी. लाल जाकीट लपणातून निघालं अन् तुझ्या बाजूच्या वरच्या तंबूकडं गेलं. मला वाटलं तूच हायस, बर्फ येऊन राहिलं म्हून निघाली. माझं अंग तापानं फनफनत व्हतं. मी माझ्या कड्यावरून खाली तळावर उतरलो अन् झोपलो. तू तिथं बसलेली, अन् मी झोपलो."

तेन्झिन कुडकुडत होता, भिया. बॅटऱ्या देऊन निघाला तेव्हा मीच माझ्या अंगातलं लाल जॅकेट काढून त्याला दिलं; बर्फात आपण दोघंही तसलीच घालायचो. माझ्याकडे आत रजई होती. शिवाय म्हटलं, लाल दिसलं तर बिबट्यालाही वाटेल माणूस गेलं. जनावराला फसवायला केलं आणि फसलास तू. इतक्या वर्षांत हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

मी ओठ हलवून विचारलं, सांगितलं काहून नाहीस? तुला कळलं. तू ओढ्यातला गोटा हातात घेऊन फिरवत राहिलास.

"काय सांगू? बा नुसत्या नजरेनं कळप मोजायचा. त्याचा मी पोरगा, अन् मला एक बहीण मोजता आली न्हाई. लोकं भेकड म्हनले, म्हनू दिलं. ते बरं व्हतं. हे कोन्या तोंडानं सांगू? दवाखान्यात तुझ्या पायाची पट्टी पाह्यली अन् तिथून निघालो तो घरलाच आलो. तवापासून शेळ्या मोजत न्हाई मी. रीता मोजती."

मग तू उठलास, ओलं धोतर पिळलंस आणि निघून गेलास. मला वसरामकाकांच्या गाडीत दुधाच्या कॅनांमध्ये बसवून औंढ्याला आणलं.

मला तुझा राग आला आहे. नऊ वर्षं! एवढीशी गोष्ट तू गळ्यात धोंड्यासारखी बांधून फिरलास आणि मलाही फिरवलंस. सांगितलं असतंस त्याच दिवशी, तर मी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि आपण दोघं हसलो असतो, निदान मी तरी. आणि रागाहून मोठं असं काहीतरी झालंय, ते लिहायला बसले की पुसट होतं, कारण कागद भिजतो. तू आलास. मी ऐकलं. बस्स.

साहेब आज रुजू झाले, माळाला माणूस ठेवलाय. ग्यानबामामा स्वतः म्हणाले, या मोसमात काडी लागणार नाही. काल ते जेवले नाहीत म्हणतात. त्यांच्याकडे जाऊन ये, तुझ्याशिवाय त्यांना कोण समजावेल? तुम्ही दोघं एकाच चुकीतले.

आता शेवटचं. लांडगीनं तीन पिलं ओढ्यापलीकडे नेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. चौथं मला दिसलं नाही. तोवर तू आलास. जाळ कपारीपाशी येऊन थांबला, पण धूर आत गेला असेल. ते जगलं की नाही ते मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

उद्या उजाडताना मी ओढ्याकाठी थांबते. लपण तू मोडलंस, तूच बांधायचं. लाल जॅकेट मी आणणार नाही. या वेळी दोघं आत बसू आणि दोघं बाहेर येऊ. लांडगीला काय समजायचं ते समजू दे. ती लांब टेकाडावर बसून राहिली तर आपणही बसून राहू. तिच्यामागे किती पिलं येतात ते तू मोज. माझी नजर धुरानं अजून अंधुक आहे, आणि मला तुझ्या मोजण्यावर भरवसा आहे.

याडीला सांगून ठेव, संध्याकाळी मी तांड्यावर जेवायला येते आहे. म्हणावं, दारात उभी राहा. शेळ्या आत गेल्या की आमचीही मोजणी कर.

शिला